पडलेला पक्ष पुन्हा उभा करताना : गोव्यातल्या नव्या कार्यकर्त्यासाठी

गोव्यात २०२२ च्या विधानसभा निवडणुकीला राज्यभर साडेअकरा लाखांवर मतदार आणि १,७२२ मतदान केंद्रं होती. चाळीस मतदारसंघांत वाटणी केली तर एका मतदारसंघात सरासरी २९ हजार मतदार, ४३ केंद्रं आणि एका केंद्रावर पावणेसातशेच्या आसपास नावं येतात. शेजारच्या महाराष्ट्रात एका मतदारसंघात तीन लाखांवर मतदार असतात. त्यामुळे तिथे जे काम सभा, फलक आणि वाहनांच्या ताफ्यावर चालतं, ते इथे पायी फिरून पुरं होतं. सांत आंद्रेची जागा २०२२ मध्ये ७६ मतांनी ठरली. एवढी मतं आपल्याकडे एखाद्या वाड्यावर असतात.

पराभवानंतर किंवा आमदार फुटल्यानंतर मतदारसंघ समितीत नव्याने आलेल्या कार्यकर्त्यासाठी हे लिहिलं आहे. तो कोणत्या पक्षाचा आहे याने इथे फरक पडत नाही. खाली दिलेलं काम अठरा महिन्यांचं आहे. निवडणुकीला सहा महिने उरले असतील तर यातलं सगळं होणार नाही. मग फक्त यादीचं आणि घरभेटीचं काम धरा.

आधी दुखणं कुठे आहे ते पाहा

पराभव झाला की पहिल्या बैठकीत कारणं येतात ती पैसा, मतदानयंत्र आणि समोरच्याची लबाडी. ही बैठक आटोपू द्या आणि दुसऱ्या दिवशी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून आपल्या मतदारसंघाचा नमुना २० उतरवून घ्या. त्यात कोणत्या केंद्रावर कोणाला किती मतं पडली हे लिहिलेलं असतं. २०१७ आणि २०२२ ची विधानसभा, २०१९ आणि २०२४ ची लोकसभा असे चार नमुने एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडा. एक काळजी घ्या : केंद्रांचे क्रमांक आणि हद्दी मधल्या काळात बदललेल्या असतात. क्रमांक जुळवू नका, शाळेचं आणि वाड्याचं नाव जुळवा. ही एक चूक झाली तर पुढचा सगळा हिशेब खोटा निघतो.

तक्ता तयार झाला की प्रत्येक केंद्र तीनपैकी एका खान्यात घाला. काही ठिकाणी मतं आमदाराच्या मागे गेलेली दिसतील, काही ठिकाणी ती तिसऱ्या पक्षाकडे वळलेली असतील, आणि काही ठिकाणी तुमचा मतदार घरीच बसला असेल. तिन्हींचा उपाय वेगळा आहे. आमदाराबरोबर गेलेलं केंद्र सर्वांत शेवटी हाती घ्या, तिथे नातीगोती आणि उपकारांची गुंतागुंत असते. घरी बसलेला मतदार सर्वांत आधी. तो रागावलेला आहे, पण त्याने दुसरा संसार मांडलेला नाही.

मतं आमदाराच्या खिशात असतात हा समज इथल्या पक्षांना फार महागात पडला आहे. २०१९ मध्ये काँग्रेसचे १० आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगोप) २ असे १२ आमदार सत्ताधारी पक्षात गेले. २०२२ मध्ये त्या बारांपैकी तिघेच पुन्हा निवडून आले. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसचे ११ पैकी ८ आमदार गेले, तरी २०२४ ला दक्षिण गोव्याची लोकसभेची जागा त्या पक्षाने १३,५३५ मतांनी राखली. फुटलेल्या आमदाराच्या मागे धावण्याआधी हे आकडे समितीच्या भिंतीवर लावा.

मतदारयादी

यादी हाती असल्याशिवाय घराच्या पायरीवर पाय ठेवू नका. प्रत्येक केंद्रासाठी पक्षाने बूथस्तरीय प्रतिनिधी नेमायचा असतो. तो शक्यतो त्याच वाड्यावरचा असावा. त्याच्यासह दहा जणांची समिती करा. त्यात किमान चार स्त्रिया हव्यात, आणि दहाही जण एकाच कुटुंबकबिल्यातले नकोत. ही शेवटची अट मोडली की पुढचं काही उपयोगी पडत नाही, कारण उरलेला वाडा ती समिती त्या घराची मानतो.

चार नमुने पाठ असू द्या. नवं नाव घालायला ६, नाव काढायला किंवा हरकतीला ७, दुरुस्ती आणि पत्ताबदलासाठी ८, आणि परदेशात असलेल्या पण भारतीय पासपोर्ट राखलेल्या मतदारासाठी ६अ. अठरा वर्षं पूर्ण होण्यासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, त्यामुळे वर्षातून एकदाच मोहीम करून भागत नाही. २०२५ च्या अखेरीस सुरू झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणात गोवा होता. त्यानंतरची यादी हीच तुमची पाया धरायची यादी, जुनी छापील प्रत वापरू नका.

सासष्टी आणि बार्देशात तारवटींची घरं बरीच. माणूस आठ-नऊ महिने बोटीवर असतो. तो नाही म्हणून त्याचं नाव यादीतून काढायला लावणं हा अन्याय आहे. समोरच्या पक्षाने तसं केलं तर वेळेत हरकत घ्या, आणि स्वतः तर कधीच करू नका. पोर्तुगीज नोंदणीचा (जन्माची पोर्तुगालमधली नोंद) विषय असलेल्या घरात नागरिकत्वाबद्दल सल्ला द्यायच्या भानगडीत पडू नका. तो वकिलाचा प्रांत आहे, आणि चुकीच्या सल्ल्याने त्या घराचं मोठं नुकसान होऊ शकतं.

घरभेट : हे खरं काम

पावणेसातशे मतदार म्हणजे साधारण १७० ते १८० घरं. दोघांची जोडी एका संध्याकाळी आठ घरं नीट करू शकते, प्रत्येक घरी पंधरा मिनिटं. म्हणजे बावीस-तेवीस संध्याकाळी. आठवड्यातून तीन दिवस फिरलात तर दोन महिन्यांत केंद्र पुरं होतं. एका संध्याकाळी चाळीस घरं केली असं कोणी सांगितलं, तर त्याने पत्रकं वाटली एवढाच अर्थ घ्या.

वेळ साडेपाच ते आठ. ख्रिस्ती वाड्यावर रविवारी सकाळी मिसाच्या वेळेला जाऊ नका. चवथीच्या दिवसांत दर्शनाला जरूर जा, पण वही घरी ठेवून जा. भाताच्या लावणीच्या दिवसांत सत्तरीत किंवा काणकोणात संध्याकाळी माणूस थकून आलेला असतो, तेव्हा पंधरा मिनिटांची भेट पाचवर आणा.

पहिल्या फेरीत मत मागायचं नाही. हे नव्या कार्यकर्त्याला सर्वांत जड जातं. चार प्रश्न पुरेत : आमच्याकडून काय चुकलं, सध्या घरात कशाची अडचण आहे, गावात कोणाचा शब्द तुम्ही मानता, आणि पुन्हा कधी येऊ. पहिल्या प्रश्नावर बोलणी बसतील. ‘तुम्हांला मत दिलं आणि तुम्ही ते नेऊन दुसऱ्याला विकलंत’ हे वाक्य तर दहा ठिकाणी ऐकू येईल. बाजू मांडू नका. ‘बरोबर आहे, आमचा माणूस गेला’ एवढं बोला आणि लिहून घ्या. जो कार्यकर्ता दारात वाद घालतो त्याला फेरीवरून काढून यादीच्या कामाला लावा. त्यात त्याचा अपमान नाही, प्रत्येकाचा पिंड वेगळा.

वहीत तीन रकाने आखा : काय ऐकलं, कोण करणार, कोणत्या तारखेला परत जाणार. तिसरा रकाना भरला नसेल तर भेट झाली असं धरू नका. आणि आश्वासन फक्त असं द्या जे सत्ता नसताना, आमदार नसताना, पंधरा दिवसांत तुमची दहा जणांची समिती पुरं करू शकते. बंद पडलेल्या पथदीपाचा अर्ज, दयानंद सामाजिक सुरक्षा किंवा गृह आधार योजनेच्या लाभार्थ्याचा हयातीचा दाखला, यादीतल्या नावाची चूक, माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज. रस्ता, नोकरी आणि बदली यांबद्दल अक्षरही काढू नका. सरकारी नोकरीचा शब्द हे गोव्यातल्या राजकारणाचं जुनं विष आहे. एका जागेसाठी पन्नास जणांना शब्द दिला जातो, एकाला नोकरी लागते आणि एकोणपन्नास घरं आयुष्यभरासाठी तुटतात.

ठरल्या तारखेला परत जा. काम झालं नसेल तरी जा आणि का झालं नाही ते सांगा. नुसत्या या एका सवयीने केंद्राचा रंग बदलतो, कारण असा परत येणारा माणूस लोकांनी फार दिवसांत पाहिलेला नसतो.

भाषेचंही भान ठेवा. पेडणे, डिचोली, फोंडा, सत्तरीत देवनागरी मराठीतलं पत्रक घरात वाचलं जातं, बोलणं मात्र कोकणीतून होतं. सासष्टीत रोमी (रोमन लिपीतली) कोकणी लागेल. वास्कोच्या काही भागांत हिंदी आणि कन्नड. एकाच मजकुराची चार रूपं करा, पण मजकूर एकच ठेवा. डिचोलीत खाणी उद्या सुरू करू म्हणायचं आणि मडगावात पर्यावरणाची शपथ घ्यायची, हे आता त्याच रात्री मोबाईलवरून दोन्हीकडे पोचतं. बाहेरून आलेल्या कामगारांना शिव्या घालून मतं मिळतात असं सांगणारे सल्लागार भेटतील. ती वाट धरू नका. त्यांच्यातले हजारो जण इथले मतदार आहेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसाला हिणवून मिळवलेला विश्वास दुसऱ्या कोणाला हिणवणारा आला की त्याच्याकडे जातो.

चूक कशी कबूल करायची

‘काही चुका झाल्या असतील तर क्षमस्व’ ही माफी नाही. ‘असतील तर’ म्हणताच ऐकणारा उठून जातो. माफीचा ठराव मतदारसंघ समितीने लेखी करावा आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात : नेमका कोणता निर्णय चुकला, त्याने कोणाचं नुकसान झालं, आणि पुढच्या वेळी तो निर्णय कोण, कोणत्या पद्धतीने घेईल. गोव्यातल्या बहुतेक पक्षांच्या खात्यावर यांतलं काही ना काही आहे : खाणी (२०१२ मध्ये बंद, पुन्हा सुरू, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये परत बंद), प्राथमिक शाळांचं माध्यम, मांडवीतले कॅसिनो, जमिनींचे झोनबदल. या प्रत्येकावर पक्षाने सत्तेत असताना काय केलं आणि विरोधात असताना काय बोललं हे तारखांसह एका कागदावर लिहा. तो कागद आधी तुम्ही वाचा. नाहीतर सभेत दुसरा कोणी वाचून दाखवील.

मागे येणं म्हणजे हरणं, ही भीती खोटी आहे. जनरेट्यापुढे ‘प्रादेशिक आराखडा २०११’ (२०११ पर्यंतचा जमीनवापर ठरवणारा) सरकारने २००७ च्या जानेवारीत मागे घेतला. त्याच वर्षी निवडणूक झाली आणि आराखडा मागे घेणारा काँग्रेस पक्ष १६ जागांसह पुन्हा सत्तेत आला.

याहून मोठा धडा जनमत कौलाचा आहे, आणि आजच्या कार्यकर्त्याने तो नीट अभ्यासावा. गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण हा मगोपचा जन्माचा मुद्दा. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून सरकारने पायउतार व्हावं अशी विरोधकांची मागणी होती, आणि मगोपचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ ला लोकांनी विलीनीकरण ३४,०२१ मतांच्या फरकाने नाकारलं. पक्षाचा पायाच निखळला असं कोणालाही वाटावं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत मगोप १६ जागा घेऊन परत आला. राजीनाम्याआधीच्या सत्तेच्या वर्षांत गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या होत्या, १९६४ चा कूळ कायदा झाला होता. मतदाराने पक्षाची मागणी नाकारली आणि पक्षाचं काम स्वीकारलं. हरलेला मुद्दा मान्य करता येतो आणि तरीही पक्ष टिकतो, पण दाराशी पोचलेलं काम मागे असेल तरच.

याच पक्षाची पुढची गोष्टही सांगायला हवी. १९८० मध्ये तो ७ जागांवर आला, १९८९ मध्ये ४० पैकी १८ जागांपर्यंत पुन्हा चढला. मग १९९० चं वर्ष आलं. आधी काँग्रेसमधून फुटलेल्यांबरोबर सत्ता घेतली, वर्ष संपता संपता स्वतःचेच आमदार फुटले. १९९४ ला १२, १९९९ ला ४, २००२ ला २. नऊ वर्षांत चढलेला डोंगर एका वर्षाच्या सत्तेच्या खेळात उतरला. विश्वास परत मिळवणं एक, तो मिळाल्यावर राखणं दुसरं.

फुटीची बेरीज-वजाबाकी

हा भाग जरा लांब आहे, कारण गोव्यात मतदाराचा विश्वास सर्वांत जास्त इथेच तुटतो. २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत चाळीसपैकी २४ आमदारांनी पक्ष बदलले.

पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट १९८५ मध्ये आलं. तेव्हा एक तृतीयांश आमदारांची ‘फूट’ वैध होती. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बंद केली. उरलं ते दुसऱ्या पक्षातलं विलीनीकरण, त्याला दोन तृतीयांश आमदार लागतात. आता आकडे पाहा : २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आणि मगोपचे ३ पैकी २, २०२२ मध्ये काँग्रेसचे ११ पैकी ८. तिन्ही वेळा कायद्याला लागते तेवढीच किमान संख्या गेली, एकही जास्त नाही. म्हणजे आधी बेरीज होते, मग ‘विकासासाठी निर्णय’ होतो. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही फेब्रुवारी २०२२ मध्ये २०१९ ची विलीनीकरणं वैध धरली. न्यायालय आपल्याला वाचवील या भरवशावर राहू नका.

छोट्या सभागृहात मोह मोठा असतो. त्याच दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली, पण लहान राज्यांसाठी किमान १२ ठेवली. बहुमताला २१ लागतात आणि त्यांतल्या बारांना मंत्रिपद मिळू शकतं, उरलेल्यांसाठी महामंडळं असतात. आमदार गट जितका लहान तितकी दोन तृतीयांशाची जुळवाजुळव सोपी.

शपथांनी हे थांबत नाही. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, खुरीस (क्रूस) आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी न फुटण्याची शपथ घेतली, आणि वर्ष उलटायच्या आत आठ जण गेले. शंभर रुपयांच्या मुद्रांकावरचं प्रतिज्ञापत्रही आमदारकी काढून घेऊ शकत नाही. मग पक्षाच्या हातात काय राहतं? आमदार जाईल तेव्हा तो एकटाच जाईल, अशी व्यवस्था.

ती अशी करतात. कार्यालयाचा भाडेकरार पक्षाच्या नावावर हवा, उमेदवाराच्या मेहुण्याच्या नावावर नको. केंद्रसमित्यांची यादी, घरभेटीच्या वह्या आणि संगणकातली टिपणं यांची एक प्रत मतदारसंघ समितीच्या चिटणीसाकडे आणि दुसरी जिल्ह्याकडे. व्हॉट्सॲप गटांचे किमान दोन ॲडमिन, त्यातला एकही उमेदवाराचा पगारी माणूस नाही. कार्यकर्त्याचा चहा-पेट्रोलचा खर्च पक्षाच्या खात्यातून. जिथे उमेदवार स्वतःच्या पैशाने कार्यालय, कार्यकर्ते आणि वाहनं सांभाळतो तिथे ती सगळी यंत्रणा त्याची असते, आणि तो जाताना ती उचलून नेतो. मग मागे उरतो तो गंजलेला फलक. वरून आलेला श्रीमंत पाहुणा उमेदवार म्हणून घेण्याची खरी किंमत ही आहे.

उमेदवार कसा ठरवायचा

निवडणुकीच्या एक वर्ष आधी. ४३ केंद्रसमित्या, प्रत्येकी दहा सदस्य, म्हणजे सव्वाचारशेवर मतदार होतात. त्यांना गुप्त मतदानाने तीन नावं सुचवू द्या. मतमोजणी दुसऱ्या तालुक्यातल्या निरीक्षकाने करावी आणि निकाल तिथेच फलकावर लावावा. उभं राहणाऱ्याला किमान तीन वर्षांचं सभासदत्व आणि एका केंद्राच्या घरभेटी स्वतः पूर्ण केल्याची वही, या दोन अटी ठेवा.

यात नेमकं काय बिघडतं तेही ठाऊक असू द्या. मतदान जाहीर झालं की इच्छुक आपल्या भाच्यांना आणि कामगारांना समित्यांत घुसवतो. म्हणून मतदानाच्या सहा महिने आधी यादी गोठवा. दुसरं, राज्य समिती निकाल बाजूला सारून भलतंच नाव जाहीर करते. हे एकदा झालं की सव्वाचारशे जण घरी बसतात, आणि तुम्ही ही प्रक्रिया मुळात केलीच नसती तर बरं झालं असतं, अशी वेळ येते. म्हणून निकाल मानला जाईल असं राज्य समितीकडून आधी लेखी घ्या. ते मिळत नसेल तर मतदान घेऊच नका, नुसती चर्चा घ्या आणि तसं स्पष्ट सांगा.

उमेदवारावर फौजदारी खटले असतील तर निवड झाल्यापासून ४८ तासांत पक्षाने ते आपल्या संकेतस्थळावर आणि वृत्तपत्रांत प्रसिद्ध करायचे असतात, आणि हाच का निवडला याचं कारणही द्यायचं असतं. ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच पुरेसं नाही असं सांगितलं आहे. पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव असल्यामुळे गावोगाव पंच म्हणून, सरपंच म्हणून काम केलेल्या बायका आहेत. अर्थसंकल्प वाचता येणारा, ग्रामसभेत उभं राहून उत्तर देणारा माणूस शोधताना आधी तिथे पाहा.

पैसा

थोडक्यात पण काटेकोर. एका माणसाकडून रोख देणगी दोन हजारांवर घेऊ नका, त्यावर धनादेश किंवा ऑनलाईन. वीस हजारांवरच्या देणगीदारांची नावं पक्षाला निवडणूक आयोगाकडे द्यावी लागतात. विधानसभेच्या उमेदवाराला गोव्यात २८ लाखांची खर्चमर्यादा आहे. त्यासाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. कायद्याचं एवढं झालं. विश्वासासाठी याहून एक पाऊल पुढे जा : मतदारसंघ समितीची जमा आणि खर्च दर महिन्याच्या पाच तारखेला कार्यालयाच्या दारावर लावा. रक्कम चार हजारांची असली तरी लावा. हा कागद चुकवायचा नाही.

ग्रामसभा आणि राजपत्र

गोव्यातल्या १९१ पंचायतींच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत. त्या तशाच राहू द्या. एका वॉर्डात दोन उमेदवार आपलेच असतात, त्यांतल्या एकाला पक्षाने जाहीर पाठिंबा दिला की दुसऱ्याचं घराणं पुढची दहा वर्षं तुमच्या विरोधात जातं. पक्ष म्हणून लढायची जागा जिल्हा पंचायत, ती २०१५ पासून पक्षपातळीवर लढवली जाते. उत्तर आणि दक्षिण मिळून पन्नास मतदारसंघ, नव्या माणसाला घडवायला उत्तम शाळा.

ग्रामसभेला मात्र मतदार म्हणून प्रत्येक वेळी जा. झेंडा नको, घोषणा नकोत. हातात विषयपत्रिका, मागच्या सभेचं इतिवृत्त आणि एक लेखी प्रश्न. तोंडी प्रश्न इतिवृत्तात येतोच असं नाही, लेखी दिलेल्याची पोच मिळते.

जमीन हा आज गोव्यातल्या घराघरातला विषय आहे, आणि त्यावर भाषणापेक्षा वाचन जास्त कामाला येतं. राजपत्र दर गुरुवारी निघतं. समितीतल्या एकाने ते दर आठवड्याला वाचायचं काम घ्यावं. नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९अ खालच्या झोनबदलांच्या सूचना प्रसिद्ध झाल्या की हरकतीला ३० दिवस मिळतात. सर्वे क्रमांक पाहून त्या वाड्यावर तिसऱ्या दिवशी पोचलात, नकाशा दाखवलात आणि हरकतीचा नमुना दिलात, तर लोकांना पक्ष कशासाठी असतो हे सांगावं लागत नाही. विसाव्या दिवशी पत्रकार परिषद घेऊन काही साधत नाही. आणि एक अट आधीच तपासा : त्या जमिनीत आपल्याच पक्षाच्या कोणाचा हात नाही ना. असेल तर तेही त्या वाड्यावर सांगा, लपवलंत तर सगळी मेहनत मातीत जाईल.

काम चाललंय हे कशावरून कळतं

सभेची गर्दी मोजू नका. सहाव्या महिन्यात किती केंद्रांच्या वह्या पूर्ण आहेत ते मोजा. ४३ पैकी वीस झाल्या असतील तर गाडी रुळावर आहे. दहाच्या आत असतील तर समिती बदला. बाराव्या महिन्यात ठरल्या तारखेला परत गेलेल्या भेटींचं प्रमाण काढा, शंभरात सत्तरच्या खाली नको. कार्यालयात कोणी न बोलावता येणाऱ्या माणसांची नोंद ठेवा. सुरुवातीला ते फक्त अर्ज घेऊन येतात. नंतर कोणीतरी बातमी घेऊन येतो, डोंगर कापतायत, ओढा बुजवतायत. तो माणूस पक्षाचा सभासद नसला तरी त्याने तुम्हांला आपलं मानलेलं असतं.

मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावरच्या प्रतिनिधीने नमुना १७क ची (त्या केंद्रावर एकूण किती मतं नोंदली याचा हिशेब) प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. त्या ४३ प्रती त्याच रात्री एकत्र करून मोजणीच्या दिवशी जुळवायच्या. निकाल कोणताही लागो, पंधरा दिवसांत पहिल्या फेरीतल्या प्रत्येक घरी पुन्हा जायचं, आणि जाताना तीच जुनी वही बरोबर न्यायची.